निळ्या पिंपातलं विसर्जन

आमच्या ग्रुपचं नाव ठरवायला तीन मीटिंगा लागल्या आणि काम ठरवायला दहा मिनिटं. यावरून आम्ही कोण होतो ते कळेल. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या आमच्या सोसायटीत मी हा पर्यावरणाचा ग्रुप काढला. मीच काढला, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचे, त्यामुळे आता अंग काढून घेण्यात अर्थ नाही. ओला-सुका कचरा वेगळा, कापडी पिशव्या, गच्चीवर खताचे ड्रम, सगळं दणक्यात सुरू झालं. पहिल्या वर्षाचा मोठा कार्यक्रम होता शाडूच्या गणपतींचा. मी ठाण्याला एका ऑफिसात आहे; तिथे डबा खातानाही मी लोकांना शाडू आणि प्लास्टरमधला फरक समजावत बसायचे. शेवटी शेवटी लोक माझ्याआधी जेवून घ्यायला लागलेले.

मीटिंगला सगळ्यात आधी येऊन पहिल्या खुर्चीवर बसायचे ते गावातले काका. आमची बिल्डिंग उभी आहे ती जागा म्हणजे त्यांचं भाताचं शेत. बिल्डिंगच्या मागेच त्यांचं दुमजली घर. सत्तरी उलटलेली, गुडघे पार गेलेले, पण मीटिंग चुकवायचे नाहीत. त्यांच्याकडे आजोबांपासून दीड दिवसाचा गणपती, आणि विसर्जन दरवर्षी खाडीवर. मी प्लास्टरबद्दल बोलले त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "बाय, खाडी आमची, नी घान बी आमीच केली. तू सांगशील तसा करू." इतका विश्वास माझ्या नवऱ्यानेही माझ्यावर कधी टाकलेला नाही.

आमची पंचवीस मूर्तींची ऑर्डर मोहने गावातल्या एका मूर्तिकाराकडे होती. गणपतीला आठवडा उरला असताना त्याचा फोन. "ताई, माती संपली. तीन मूर्ती प्लास्टरच्या देतो. रंग तोच मारतो, देवाशपथ कोणाला कळणार नाही." खरं तर तिथल्या तिथे त्याला फैलावर घ्यायला हवं होतं. मला आरडाओरडा उत्तम जमतो, आमच्या स्टँडवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. पण 'शंभर टक्के शाडू' असा मेसेज मी आधीच फिरवलेला, मूर्ती वाटायला वॉर्डातल्या साहेबांना बोलावलेलं, हारतुरे सांगितलेले. मी म्हटलं, "बरं. पण त्या तिन्ही मूर्तींना मागे खूण करून द्या."

खूण कशाला, तर कुणाला द्यायच्या ते मला ठरवता यावं म्हणून. दोन मूर्ती मी अशा घरांना दिल्या जी कृत्रिम तलावात विसर्जन करणार होती. तिथे कोण बघतंय? तिसरी काकांना. तेही तलावावरच जातील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं कारण ते नव्हतं. सोसायटीतल्या कुणाला कळलं असतं तर व्हॉट्सॲपवर माझी सालटी निघाली असती. काका काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. ज्याचा सगळ्यात जास्त विश्वास, त्याच्याच गळ्यात मी ती मूर्ती बांधली.

वाटपाच्या कार्यक्रमात साहेबांनी विचारलं, घरच्या घरी विसर्जन कोण करणार? काकांचा हात सगळ्यात आधी वर. "मी करीन. घरान, पिंपान. ही बाय बोलली, दोन दिसांत इरघलतो नी माती तुलशीत घालाची." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार होते? तिथे उठून खरं सांगता आलं असतं, हे उत्तर मला माहीत आहे.

काकांनी नवीन निळं पिंप आणलं, धुतलं, हळदीकुंकू लावलं आणि ओटीवर ठेवून विसर्जन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. मी गेले. रंग सुटून पाणी गढूळ झालेलं, पण आत देव जसाच्या तसा बसलेला. सोंडेचं टोक तेवढं गेलेलं. "पाणी कमी पडलं असेल," मी म्हटलं. सत्तरीच्या पुढचा तो माणूस, तसल्या गुडघ्यांनी, कळशीने पाणी आणून ओतायला लागला. मी बघत उभी राहिले. पाचव्या दिवशी मी खायचा सोडा घालायला सांगितला. त्याचा नुसता फेस आला.

आणि मग मला त्यांच्या सुनेकडून कळलं की काका रोज सकाळी आंघोळ करून पिंपापुढे दिवा लावतायत आणि नैवेद्य दाखवतायत. देव अजून गेला नाही म्हणजे तो घरात पाहुणा आहे, त्याला उपाशी कसं ठेवायचं? आणि देव घरात आहे तोवर चुलीवर म्हावरं चढणार नाही. त्या घरात, जिथे सकाळी बाजारात कोळंबी काय भावाने मिळाली यावरून दिवस सुरू होतो, तिथे वरण-भात आणि भाजी. आठवडा गेला. पितृपक्ष लागला. धाकटा नातू ताटावर रुसून बसायला लागला. काका मात्र मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त भेटलं की विचारायचे, "बाय, अजून घरानच हाय गो. काय करू?"

एकविसाव्या दिवशी माझाच धीर सुटला. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे द्या, ग्रुपतर्फे करू आम्ही." त्यांनी पुन्हा आरती केली आणि पिंपातून देव काढून माझ्या हातात दिला. नाक नाही, सोंड नाही, पोट मात्र ठणठणीत. रविवारी भर दुपारी मी तो सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घातला आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले. "अगं, पण तूच तर..." तो म्हणाला. "गप चालव," मी म्हटलं. खाडीवर गेलो, आणि ज्या खाडीत काही टाकू नका म्हणून मी वर्षभर घसा फोडला, तिथेच ती गोणी टाकून आलो.

एवढ्यावर सुटले असते तर बरं. दोन दिवसांनी काका वाटी घेऊन दारात. "इरघलला ना? मंग माती दे थोरी. तुलशीत घालतो." मी त्यांना बाहेर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन माझी फेसपॅकची मुलतानी माती भिजवून वाटीत घालून आणून दिली. त्यांनी ती वाटी आधी कपाळाला लावली. मग त्यात बोट बुडवून माझ्याही कपाळाला टिळा लावला, "तुज्यामुले सुटला गो देव," असं म्हणत. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. दार लावून मी बेसिनपाशी कितीतरी वेळ उभी होते. टिळा पुसायचं धाडस झालं नाही.

त्या वर्षी ग्रुपला बक्षीसही मिळालं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

पुढच्या श्रावणात मूर्तींची नावं लिहून घ्यायला मीटिंग लावली. काका पहिल्या खुर्चीवर होतेच. मी वही पुढे केली तर त्यांनी हात हलवला. "आमचा नको लिव. बंद केला आमी." मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय. मीटिंगनंतर विचारलं, तर म्हणाले, "त्यो जायाला तयार नव्हता बाय. सगल्यांचे गेले, माजाच नाय गेला. बापाचा शेत इकला ना मी, त्याचाच राग हाय. ज्याला धड पाठवता येत नाय त्याला बोलवाचा कशाला?" आणि काठी टेकत निघून गेले.

त्या शेतावरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे.

माझ्या त्या प्लास्टरच्या मूर्तीपायी आजोबांपासूनचा गणपती बंद होणार होता. वर काका स्वतःला पापी समजत होते. दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर गेले आणि सगळं सांगितलं. मूर्तिकाराचा फोन, खूण, गोणी, मुलतानी माती. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात.

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला सोडलं नाही. "एकवीस दिस पोरांना म्हावरा नाय दिला मी! तुमच्या फोटोसाठी? तेवऱ्या पायऱ्या चढून तुमच्या मीटिंगांना येत होता म्हातारा!" ती जे जे बोलली ते सगळं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिने अजून बोलावं असंच वाटत होतं.

काकांनी तिला हाताने थांबवलं. मला वाटलं आता ते मला घरातून जायला सांगतील. ते मग म्हणाले, "म्हंजे माज्यावर राग नव्हता त्याचा?"

"नाही काका. प्लास्टर होतं ते. ते विरघळणारच नव्हतं."

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललेलं.

"खाडीन कंच्या जागेवर टाकलास?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिक्षा बोलावली, नारळ, फुलं आणि कापूर घेतला आणि मला बरोबर यायला सांगितलं. भरती होती. काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, कुणाची तरी चप्पल. मी हाताने जागा दाखवली. तिथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं. काकांनी कापूर पेटवला, नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं,

"टाकताना बोललीस काय त्याला? फुडच्या वर्षी लवकर ये, असा बोललीस क नाय?"

मी नाही म्हटलं. त्या दुपारी माझं लक्ष फक्त कोणी बघत तर नाही ना, एवढ्याकडेच होतं.

"मंग आता बोल," ते म्हणाले आणि माझ्यासाठी बाजूला सरकले.