कावासाकीचे घाबरट सोफियाच्या चर्चमध्ये

घाबरल्याचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते साठत जातात. जपानच्या २०११ मधल्या त्या मार्चच्या भूकंपानंतर आमच्या कावासाकीच्या ऑफिसात ते इतके साठले, की लंचब्रेक पुरेना. त्यातले काही तर आम्ही पार बल्गेरियाला जाऊन गोळा केले!

*

आमचा परचुरे मूळचा पुण्याचा, राहायला माझ्यासारखाच टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात. भूकंपानंतर आम्हा सगळ्यांनाच जमीन हलत नसतानाही हलल्यासारखी वाटायची. परचुरेने उपाय काढला. टेबलावर अर्धा ग्लास पाणी ठेवायचं आणि शंका आली की त्याच्याकडे बघायचं. पाणी स्थिर असेल, तर आपलं डोकं हलतंय!

एकदा ओसाकाच्या क्लायंटशी व्हिडिओ कॉल चालू होता. मला हलल्यासारखं वाटलं, मी ग्लासकडे पाहिलं. परचुरेनेही पाहिलं. क्लायंट बोलायचा थांबला. आम्ही ओशाळून सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्याने स्वतःचा ग्लास उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

"इकडेही स्थिर आहे," म्हणाला.

*

मोबाइलवर भूकंपाचा अलार्म वाजला की आम्ही सगळे टेबलाखाली. फक्त आमचे मॅनेजर सातो-सान खुर्चीत बसून राहायचे, हातात फोन घेऊन.

त्यांची आई ईशान्येच्या किनाऱ्यावर एकटी राहायची. त्सुनामीत घर गेलं आणि आई सापडलीच नाही. देह मिळाला नाही तरी मृत्यूची नोंद करता येईल, असा सरकारी अर्ज नंतर निघाला. बहीण रोज फोन करून त्यावर सही मागायची. सातो-सानचं एकच उत्तर, "अजून थोडं बघू या." त्यांच्यासमोर 'आई' हा शब्द काढायलासुद्धा आम्ही घाबरायचो.

पेत्याला हे ठाऊक नव्हतं. पेत्या म्हणजे आमची बल्गेरियन सॉफ्टवेअर टेस्टर, तेव्हा नवीनच आली होती. अलार्म वाजला तशी तिने टेबलाखालून त्यांची पँट धरून ओढली. "सातो-सान, खाली या ना!"

"खाली रेंज येत नाही," ते शांतपणे म्हणाले.

*

ऑक्टोबरात आम्ही चौघं आठवडाभराच्या कामासाठी बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाला गेलो. पेत्याचं ते गावच. पहिल्या सकाळी हॉटेलात ब्रेकफास्टला बसलो होतो, बाहेरून ट्राम गेली आणि कपबशा किणकिणल्या. मी आणि परचुरे एका क्षणात टेबलाखाली!

वेटर वाकून बघत राहिला. मग फार अदबीने म्हणाला, "कॉफी तिकडेच देऊ का?"

आम्ही खूप हसलो, पण कॉफी मात्र मी दाराजवळ उभ्यानेच प्यायले. लेक हिगाशी-कसाईच्या शाळेत, नवरा टोकियोच्या ऑफिसात, आणि मी इथे कपबशांना भ्यालेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

*

रविवारी पेत्या आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मध्ययुगीन चर्चमध्ये घेऊन गेली. चर्च कसलं, आमच्या कॉन्फरन्स रूमपेक्षाही लहान! जाड दगडी भिंती, वाकून शिरावं लागेल असं दार, आणि खालपासून छतापर्यंत चित्रंच चित्रं. आत एका वेळी आठ-दहाच माणसं सोडायचे, तीही दहा मिनिटांपुरती.

"ही राणी मला शाळेच्या पुस्तकात भेटली होती," भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवत पेत्या कुजबुजली. "कित्येक पिढ्या परक्यांच्या राज्यात गेल्या आमच्या. आपण कोण, हे विसरायला होईल तेव्हा या भिंतींकडे बघायचं, असं आजी सांगायची. श्वास हळू घ्या हं. श्वासाच्या दमटपणाने रंग जातो."

ती आमच्या श्वासाला घाबरत होती आणि आम्ही तिच्या दगडांना! परचुरेची नजर छतावरच्या भेगेवरून हलेना. गाइड अभिमानाने म्हणाली, "या चर्चने कितीतरी भूकंप सोसलेत."

"म्हणजे आता थकलं असणार!" असं म्हणून परचुरे दाराकडे सरकला. तेवढं एक वाक्य सोडलं, तर एवढा वेळ त्याने श्वास खरोखरच रोखून धरला होता. बाहेर आला तेव्हा चेहरा लालबुंद.

*

आत मेणबत्ती लावायला मनाई. बाहेर अंगणात पत्र्याचा दोन मजली स्टँड होता, दोन्हीकडे वाळू भरलेली. परचुरेने बायकोच्या नावाने एक मेणबत्ती घेतली आणि खालच्या वाळूत रोवली.

पेत्या किंचाळलीच. "तिथे नाही! वर जिवंत माणसांसाठी, खाली गेलेल्यांसाठी!"

परचुरेने मेणबत्ती उपटली आणि तिथूनच घरी फोन लावला. "अगं, ठीक आहेस ना तू?"

"कणीक मळतेय," बायको म्हणाली. "काय झालंय तुला?"

आम्ही हसत मागे वळलो, तर सातो-सान पेटलेली मेणबत्ती हातात धरून उभे. त्यांनी पेत्याला हळूच विचारलं, "आणि सापडलं नसेल, तर?"

मला त्यांच्याकडे बघायचीही भीती वाटली.

सातो-साननी मेणबत्ती वर लावली. डोंगरावरून वारा सुटला होता. ती विझेल या धास्तीने आम्ही तिघं तिच्याभोवती आडोसा करून उभे राहिलो. अर्धा तास तरी गेला असेल. कुणी घड्याळ पाहिलं नाही. मेणबत्ती बोटाच्या पेराएवढी उरली.

तेव्हा सातो-साननी ती जळतीच उचलली आणि वाकून खालच्या वाळूत लावली.