भीमसिंगचा एकच फोटो

घाटंजीत कहकशांचा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार सहा साली कापूस गेला आणि त्यापाठोपाठ तांड्यावरचा शेतकरी भीमसिंगही. त्याचा एकुलता एक फोटो तिच्या कॉम्प्युटरमध्ये होता. जागा करायला तिनं डिस्कचे नवे भाग पाडले आणि चुकून जुना भागच पुसला. कॉम्प्युटर सुरूच होईना. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, दोन दिवस शोधलं. लग्नांचे फोटो परत आले. भीमसिंगच्या फोटोत मात्र पागोट्याखाली, चेहऱ्याच्या जागी, नुसता करडा पट्टा उरला होता.

त्याची बायको बिजलीबाई फोटो न्यायला आली.

"बाई, माझ्याच हातानं गेला," कहकशां म्हणाली.

"तूच काढलता ना? मंग सांग, तवा हासून राह्यले होते का ते?"

कहकशांला काही केल्या आठवेना.