मामाच्या मांडीवर गळू

असल्या विषयावर, आणि तेही माझ्यासारख्याने लिहावं, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कशाबद्दल लिहू नये, हे मला अजून नीट कळत नाही.

माझी अक्का भोकरजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या चार महिन्यांच्या बाळाला शीच्या जागेशेजारी गळू झालं. सासूने त्यावर बिब्बा लावला. बाळ फणफणलं, तेव्हा मला लातूरहून बोलावलं. मामा शिकून राहिलाय, डॉक्टरांशी तोच बोलेल, असं ठरलं होतं. मी बी.कॉम.ला आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

नांदेडच्या दवाखान्यात अक्काने लंगोट सोडला. बोराएवढी लाल, ताणलेली गाठ. भोवती बिब्ब्याने भाजलेली काळी कातडी, सुटून आलेली. त्यावर पातळ शी.

"हे काळं काय?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"बिब्बा," मी म्हणालो.

"एवढ्याशा लेकराला? आणि इथं?" त्या अक्काकडे नाही, माझ्याकडेच बघत होत्या. "पू धरलाय. बारीक छेद द्यावा लागेल. पाय कोण धरतंय?"

"तू धर," अक्का म्हणाली. "मला न्हाई बघवत."

"मला लई किळस येऊन राहिली, अक्का."

"अन् जावळ कुणाच्या मांडीवर काढायचं हाय? तुझ्याच ना? मग आजबी तूच घे."

नर्स हसली. "घ्या मामा. पेढे खायला मामा, अन् पू बघायला कोण?"

घेतलं. छेद बसताच हिरवट-पिवळा पू उसळला आणि माझ्या पँटवर ओघळला. वास शीचाही होता आणि कुजक्याचाही. बाळ रडून निळं पडलं. त्याला ढकलून द्यावं, असं हातांना खरंच वाटत होतं. पाय मात्र घट्ट धरून ठेवले. नंतर बाहेरच्या नळावर जाऊन मी भडाभडा ओकलो.

डॉक्टर बाईंनी सांगितलं, कोमट पाण्यात बसवा, शी झाली की धुवा, दुसरं काही लावू नका. बहुतेक लेकरांचं आपोआप बुजतं. आत वाट राहिली तर मात्र पू येत राहील, त्याला भगंदर म्हणतात, मग पुढे भूल देऊन ऑपरेशन. अक्काने त्यातलं 'भूल' एवढंच ऐकलं.

कॉलेजातून काढलेली सुट्टी संपेपर्यंत अक्काकडे राहून टबात बाळाला मीच बसवायचो. पाण्यावर शीचे कण तरंगायचे, मधेच पुवाची तार सुटायची. लातूरला परतल्यावर मेसचं वरण घशाखाली उतरेना. फोन केला की अक्का म्हणायची, "आज बी आला रे थोडा." मग मी पुढचं विचारायचोच नाही.

परवा जेवताना तिने न विचारता फोटो पाठवला. शेजारचा मित्र "शी!" म्हणून ताट घेऊन उठला. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. खाली तिने लिहिलं होतं, "बुजलं. डॉक्टर बाई म्हणल्या, ऑपरेशन न्हाई लागत."