गोलकीपरच्या मनगटातलं काजूएवढं हाड

"हे हाड काल-परवा मोडलेलं नाही. याला सात-आठ महिने झालेत," डॉक्टर मॅडम एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या. "इतके दिवस तू काय करत होतीस?"

काय सांगणार? भारताच्या गोलात उभी राहून त्याच हाताने चेंडू अडवत होते.

शेजारी बसलेल्या आईने कपाळावर हात मारून घेतला. "मी म्हनतच हुते मॅडम, पन ही पोरगी म्हंजे..." पुढचं वाक्य तिने डॉक्टरांसमोर गिळलं. शेवगावला घरी पोहोचल्यावर मात्र सव्याज ऐकवलं.

मॅडमनी मला त्या हाडाचं नाव सांगितलं. स्कॅफॉइड. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात बसलेलं काजूएवढं हाड. त्याला रक्त उलट्या बाजूने मिळतं, त्यामुळे मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याची उपासमार होते. वेळेत प्लास्टर घातलं तर बहुतेक वेळा जुळतं. नाही घातलं तर दोन तुकडे तसेच एकमेकांवर घासत राहतात. याला नॉन-युनियन म्हणतात, म्हणजे न जुळलेलं हाड. माझं तेच झालं होतं.

"घरकाम जमेल, गाडी चालवता येईल. पण हे जुळलं नाही तर गोलकीपिंग विसर," मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकावर ढसाढसा रडले. समोरचे पाय मोडलेले आजोबा बिचारे घाबरून गेले.

आता मुळापासून सांगते. नगरच्या होस्टेलला असताना माझी उंची बघून फुटबॉलच्या सरांनी मला गोलात उभं केलं. आईला हा प्रकार कधीच पटला नाही. "बाकीच्या पोरी पळत्यात आन तू एकटीच बुजगावन्यावानी उभी. चुकी क्येली काय तू?" असं ती विचारायची. जिल्हा झाला, राज्य झालं, मग भारताच्या शिबिराचं बोलावणं आलं. पहिल्या सामन्याला आई-पप्पा, चुलते, चर्चमधल्या बायका, सगळे आमच्या ओट्यावर एका मोबाईलला चिकटून बसले होते. मी नऊ आंतरराष्ट्रीय सामने खेळले होते, आणि दहाव्याच्या तयारीत हे घडलं.

सरावात अगदी जवळून फटका आला. उजवा तळहात मागे वाकला. ठणका लागला, पण बोटं हलत होती. म्हटलं, मुरगळलं असेल.

इथे मी जी चूक केली ती गोलकीपरच करू जाणे. बाकीच्या खेळाडूंनी पट्टी बांधली की फिजिओ लगेच विचारतात, काय झालं? गोलकीपरला कोणी विचारत नाही. आमची बोटं, मनगटं सरावाआधी टेपने गुंडाळलेलीच असतात, वरून ग्लोव्हज. मी गुपचूप दोन वेढे जास्त मारायला लागले. रोज सकाळी एक फॉर्म भरायचा असतो, दुखणं शून्य ते दहापैकी किती. मी आठ महिने शून्य लिहिलं. कारण संघात फॉरवर्ड दोन-तीन खेळतात, गोलकीपर एकच. एकदा जागा सोडली की ती परत मिळेल याची खात्री कोण देणार? माझ्यामागे थोइबी उभीच होती. मणिपूरची, माझ्याच खोलीत राहणारी, आणि खरं सांगायचं तर माझ्याइतकीच चांगली.

फिजिओंना फसवलं, कोचना फसवलं, आईला फसवता आलं नाही. सुट्टीत घरी आले तेव्हा तिने मला भाकरी थापायला बसवलं. उजव्या तळव्याने दाब दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून मी डाव्या हाताने थापत होते. भाकरी गोल व्हायचं नावच घेईना. आई जवळ आली, तिने माझा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. मी अशी किंचाळले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"कवापासून हाय ह्ये?"

"थोडंच आहे गं."

"तुज्या थोड्याला माती घाल. उद्याच्या पहिल्या गाडीनं नगर."

असे आम्ही त्या डॉक्टर मॅडमसमोर पोहोचलो. मॅडमनीही अगदी तिथेच दाबलं. अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो, तिथे. तिथे दाबून दुखलं तर स्कॅफॉइडची शंका घ्यायची, असं त्या म्हणाल्या. आई माझ्याकडे बघून गालात हसली. डॉक्टरांच्या आधी आपण तपासलं, हा तोरा तिला आठवडाभर पुरला.

शिबिराला कळवलं. मग थोइबीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती तिच्या तुटक हिंदीत म्हणाली की तिला माहीत होतं. मी पाण्याची बाटलीसुद्धा डाव्या हाताने उघडत होते. "पण मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, हिला तुझी जागा हवी आहे," असं म्हणून ती रडायला लागली. मग मीही रडले. दोन गोलकीपर, दोघी घाबरट.

ऑपरेशनमध्ये बोन ग्राफ्ट केलं. म्हणजे कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढून मनगटातल्या फटीत भरला आणि एक बारीक स्क्रू घातला. शुद्धीवर आले तर हात शांत आणि कंबर बोंबलत होती. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "हात दुरुस्त कराया आलो आन आता पोरगी लंगडतीया."

मग प्लास्टर, आणि वाट बघणं. गावातून सल्ल्यांचा पूर आला. सगळ्यांचं एकमत बोकडाच्या पायाच्या रश्श्यावर. चर्चमधल्या बायकांनी पाळ्याच लावल्या, एकीचा डबा संपला की दुसरीचा हजर. मला वासानेही मळमळायला लागलं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दोन महिन्यांनी सीटी स्कॅन झाला. साध्या एक्स-रेमध्ये न दिसणारी फट त्यात दिसते. बाहेरच्या खुर्चीवर मी मनातल्या मनात प्रार्थनेची तीन-तीन आवर्तनं केली. मॅडम म्हणाल्या, "अर्धं जुळलंय. अर्धं अजून ठरवतंय." परत प्लास्टर. त्या दिवशी मला खरंच वाटलं की संपलं सगळं. परतीच्या एसटीत आईही बोलली नाही, आणि आई गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणखी दीड महिन्याने परत स्कॅन. या वेळी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघ, रेघ कुठे दिसते का?" मला दिसेना. आईने चष्मा लावून बघितलं, तिलाही दिसेना. मॅडम हसल्या, "मलाही नाही दिसत. जुळलं." आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना, पुढचा पेशंट दारात ताटकळला तरी.

प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता. आधी फुगा झेलायचा, मग स्पंजचा चेंडू. त्यापुढचा व्यायाम आईने स्वतःच शोधून काढला. अंगणात उभी राहून ती मला मोसंबी फेकून मारायची. "घे! ह्ये घे!" वर्षानुवर्षांचा राग त्यात निघत असावा. फुटलेल्या मोसंब्यांचा रस पप्पा मुकाट पीत.

तुमच्यापैकी कोणी खेळत असेल आणि पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर मुरगळलं म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या एक्स-रेमध्ये दिसलं नाही तरी दोन आठवड्यांनी परत काढा. जागा जाईल म्हणून गप्प बसाल, तर जागाही जाते आणि हाडही. माझी जागा थोइबीकडे गेली, आणि तिने ती मस्त सांभाळली. मी शिबिरात परतले ती दुसरी गोलकीपर म्हणून.

एका मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची वीस मिनिटं कोचनी मला उतरवलं. थोइबीने बाहेर येताना पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला. आणि थोड्याच वेळात फटका आला, उजव्या वरच्या कोपऱ्यात. मी उडी मारली. चेंडू तळहाताच्या बरोबर मधोमध बसला, मनगट मागे वाकलं आणि चेंडू बारवरून बाहेर गेला. मी खाली पडले ती पडूनच राहिले.

रेफ्रीने शिट्टी मारली. संघाच्या डॉक्टर बॅग घेऊन धावत आल्या. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. रडू काही थांबेना.

त्यांनी संशयाने बघितलं. माझा इतिहास त्यांना ठाऊक होता. "खरं सांग."

"खरं सांगते मॅडम, आईची शपथ. कुठेच दुखत नाहीये."