वासराच्या रक्तातला निरोप

त्या इमारतीत तिला सगळे चक्कीवाली म्हणत. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र होतं. त्यात नळ्या बसवायच्या आणि इतक्या वेगानं फिरवायच्या, की पाण्यातलं न दिसणारं चिमूटभरसुद्धा तळाशी बसावं. बावीस वर्षं तिनं हेच केलं. दळणारीला बोटांनी पीठ कळतं, तसं तिला यंत्राच्या घरघरीवरून काम कळे.

मोठे सर पेशींचा अभ्यास करत. पेशी अंगावेगळे इवले बुडबुडे सोडते, त्यात निरोप असतो. दुसरी पेशी तो घेते आणि तसं वागू लागते. पूर्वी जाणत्यांनी या बुडबुड्यांना पेशीचा केर म्हणून सोडून दिलं होतं. केराला असे दिवस आले, याचं तिला फार कौतुक वाटे.

पेशींना खायला घालायचं ते न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचं पिवळट पाणी. बाटली उघडताना ती किळसून तोंड फिरवी. त्या पाण्यात वासराचेही बुडबुडे असतात. अठरा तास फिरवून ते काढल्याशिवाय पेशींना घास द्यायचा नाही, हा तिचा नेम.

लेकीच्या बाळंतपणाला ती पंधरा दिवस गेली. परतली, तर सरांना वाईट गाठीच्या पेशींचा खास निरोप सापडला होता. वर्षभरात त्यावर रक्ताची तपासणी उभी राहिली. निरोप दिसला तर गाठ वाईट, नाही तर साधी. तिच्या जावेच्या छातीत गाठ होती. तपासणीत साधी निघाली, आणि जावेनं गाठीतला कण काढून बघायची ठरलेली सुई रद्द केली.

पण त्या महिन्यात तपासलेल्या बाराही जणींच्या गाठी साध्याच निघाल्या. चक्कीवालीला खटकलं. तिनं जुनी वही काढली. तिच्या रजेत पाच खेपा, प्रत्येकी अठरा तास, अशी सुबक नोंद होती. पण यंत्राच्या पोटातला तासांचा आकडा तिनं रजेआधी नि रजेनंतर टिपून ठेवला होता. पंधरा दिवसांत ते दहाच तास फिरलं होतं. तेव्हाच ताडून बघितलं नाही, याबद्दल तिला स्वतःचीच शिसारी आली.

शीतपेटीत त्याच खेपांतली एक बाटली उरली होती. तिनं ते पाणी तसंच तपासलं. पेशी एकही नाही, आणि निरोप ठसठशीत. तो वासराचा होता. माणसाच्या रक्तात तो येणार कुठून?

वही आणि तपासणीचा कागद घेऊन ती वर सरांकडे गेली. सर सफरचंद खात होते.

"घाई होती त्या वेळी," ते म्हणाले. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. "पुढच्या खेपेला सुधारू."

"आणि या बाराजणी?"

"बाई, तुम्ही चक्की सांभाळा. आणि वहीत त्या दिवसांखाली तुमची सही राहिलीय, तेवढी करा."

त्यांच्या ओठाला सफरचंदाची साल चिकटली होती. ते ती जिभेनं ओढून घेत होते. तिला रक्ताच्या बाटलीची आली नव्हती एवढी किळस त्या माणसाची आली. तिनं सही केली नाही. वहीची आणि कागदाची नक्कल काढून ती समोरच्या इस्पितळात गाठी कापणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, बारा नावांसकट. मग जावेचं घर गाठलं आणि सुई करून घ्या म्हणाली.

"साधी म्हणालेत ना? तुला माझं बरं बघवत नाही," जाऊ म्हणाली.

"ताई, ती तपासणी वासराचं रक्त ओळखते. तुमचं नाही."

जावेचा हात नकळत छातीकडे गेला.

"तुझ्या त्या सराला ठाऊक होतं?"

"होतं."

जावेनं तोंड वाकडं केलं, उठून मोरीत थुंकली, चूळ भरली.

"सुई कधी?"

"उद्या सकाळी. मी येते."

"ये. पण त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस."

"नोकरी तिथेच आहे, ताई."

"मग घरून पाणी घेऊन जा," जाऊ म्हणाली, आणि कपाटातून जुने रिपोर्ट काढायला लागली.