बाई जेवायला गेल्या की आकडा उतरतो

माझी आत्या अणुशास्त्रज्ञ होती, हे मला वयाच्या अकराव्या वर्षी कळलं, आणि तेही शेजारच्या काकूंकडून. तोवर आमच्या घरी ती फक्त "ऑफिसला" जायची. चेंबूरच्या पुढे डोंगराआड ते ऑफिस. त्यांची बस सकाळी सातला आमच्या मुलुंडच्या नाक्यावर यायची. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, अशी आत्या तीत चढायची आणि संध्याकाळी उतरायची. मधल्या वेळात ती काय करते, हे घरात कोणी विचारत नसे. मी विचारायचे.

"आत्ये, आज काय केलंस गं?"

"काम."

"कसलं?"

"तुका कित्याक होयी?"

तुला कशाला हवं? झालं, विषय संपला. आम्ही मालवणकडचे, आणि घरात कोणाला गप्प करायचं असलं की आत्या मालवणीत शिरायची. तिच्या ऑफिसातली माणसं कामाचं घरी बोलत नाहीत, अशी शिस्तच होती म्हणे. पण मला दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची जन्मजात खोड. पुढे मी कोर्टात कारकून झाले, पंचवीस वर्षं लोकांच्या साक्षी ऐकल्या, तरी ती खोड काही गेली नाही. उलट वाढली. घरातली एक बाई चाळीस वर्षं रोज काहीतरी शोधायला जाते आणि काय शोधते ते मला ठाऊक नाही, याची मला चीड यायची. अगदी खरी चीड. आणखी एक गंमत होती. एवढी वेळेची पक्की बाई, पण तिच्या हातात मी कधी घड्याळ पाहिलं नाही. बसच्या रांगेत शेजारच्याला विचारायची, "किती वाजले हो?" त्याचं कारण विचारलं तरी तेच उत्तर: तुका कित्याक होयी?

आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. तिने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. चालायचंच. गेल्या वर्षी तिने कुळथाच्या पिठीत दोनदा मीठ घातलं, मग एकदा नाक्यावरून घरचा रस्ता विचारत आली, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, चित्रं दाखवून प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की विसरणं सुरू झालंय, हळूहळू वाढेल. "नावं बहुतेक आधी जातात," ते म्हणाले. मी बाहेर आले तर आत्या बाकावर ताठ बसलेली. म्हणाली, "डॉक्टर काय म्हणालो ता सांग. लपवू नको." मी सांगितलं. रडू मलाच आलं. ती म्हणाली, "गप गो. रिक्षा बघ."

त्याच सुमारास आमच्या इथल्या वाचनालयाची माणसं तिच्या सत्काराचं निमंत्रण घेऊन आली. पत्रावर मोठ्या अक्षरांत, "पहिल्या महिला अणुशास्त्रज्ञ". परिचय मी वाचायचा. मी तर हरखूनच गेले. वाटलं, आता तरी ही बाई तोंड उघडेल!

आत्याने पत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं. "पयली? कोण म्हणता पयली? माझ्याआधी दोघी होत्या तिथे. खोडा ते."

"अगं, तुझ्यासारख्या किती होत्या तेव्हा? एवढंसं लिहिलं तर काय बिघडलं?"

"बिघडतं," ती म्हणाली. मग तिने पत्राची नीट घडी घातली. "मी येईन. पण मला एका माणसाचं नाव घ्यायचं आहे. मायकवर. माझ्या तोंडून. जाण्याआधी."

जाण्याआधी म्हणजे ती जाण्याआधी नव्हे, नाव जाण्याआधी. हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या डोक्यात भलतंच आलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बिनलग्नाची आत्या आणि एका माणसाचं नाव! मी हातातला चहा ठेवला आणि तिच्यासमोर बसकणच मारली.

"तसला काय नाय गो, मेले," ती म्हणाली. तिने त्या माणसाचं नाव सांगितलं, आणि मग साठ वर्षं बंद असलेलं दार उघडून आत्या बोलायला लागली. कामाचं बोलताना तिची मालवणी गळून पडली. समोर कोणी निराळीच बाई बसल्यासारखं मला वाटलं.

गोष्ट अशी. आत्या नोकरीला लागली तेव्हा चोवीस वर्षांची. तिच्याकडे एक काउंटर होता, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण मोजणारं यंत्र. काहीच ठेवलं नाही तरी तो थोडा आकडा दाखवतोच, कारण भिंतीतून, जमिनीतून, आभाळातूनही थोडे किरण येत असतात. म्हणून आधी रिकाम्या खोलीचा आकडा घ्यायचा, मग नमुना ठेवून आकडा घ्यायचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. उरेल ते नमुन्याचं. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच," ती म्हणाली, "आणि ते जमायला जन्म जातो."

रिकाम्या खोलीचा आकडा रोज सकाळी एक मेकॅनिक घ्यायचे. काउंटर तेच सांभाळायचे, त्याच्या काचेच्या नळ्याही तापवून स्वतःच्या हाताने ओढायचे. मॅट्रिक झालेले, हिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. ते लवकर यायचे. आत्या नंतर येऊन नमुना ठेवायची आणि दिवसभर काउंटरशेजारी बसून आकडे वहीत उतरवायची. तर पहिल्याच महिन्यात तिचा आकडा जास्त यायला लागला. कुठल्याच पुस्तकात नाही इतका जास्त. तीन आठवडे रोज तेच. साहेब खूश. बाहेरदेशी कळवायची भाषा सुरू झाली. "मला चालताना जमीन लागत नव्हती," आत्या म्हणाली. "वाटलं, मला काहीतरी सापडलं. जगात कोणाला नाही ते."

मग एके दिवशी ते मेकॅनिक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, रागावू नका. तुम्ही जेवायला गेलात की आकडा उतरतो."

"मग गं?"

"मग काय, रागावले! मॅट्रिकचा माणूस मला शिकवतो? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते मात्र पूर्वीसारखेच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाई, एकदाच, हातातलं घड्याळ बाहेर ठेवून या."

घड्याळ आमच्या आजोबांनी दिलेलं. आजोबा गिरणीत होते. मुलीला एवढी मोठी नोकरी लागली म्हणून त्यांनी हौसेनं घड्याळ आणलं, त्यातल्या त्यात भारी बघून, अंधारात हिरवे आकडे चमकणारं. तेव्हा ती चमक रेडियमची असायची, आणि रेडियममधून तेच किरण निघतात. म्हणजे किरण मोजायच्या यंत्राशेजारी ही बाई हातावर रेडियम बांधून बसत होती, आणि रिकाम्या खोलीचा आकडा घेणाऱ्याच्या हातात घड्याळच नव्हतं! मी इतकी हसले की मला ठसका लागला. आत्या हसली नाही.

"घड्याळ काढलं, आकडा उतरला. संपलं माझं सापडलेलं. मी खोलीला कडी लावून रडले."

त्यांच्याकडे एक रीत होती. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरगटायचाही नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहून सही करायची. आत्याने तीन आठवड्यांच्या पानांवर अशा रेघा मारल्या. चूक ज्याने पकडली त्याचीही सही हवी म्हणून वही त्यांच्यापुढे केली. ते मागे सरकले. "बाई, या वहीत आमची सही चालत नाही." आणि खरंच चालत नव्हती. फक्त शास्त्रज्ञांची चालायची.

"मग तू काय केलंस?"

"वही मिटली."

पुढे घड्याळाशिवाय सगळं पहिल्यापासून मोजलं. वर्ष गेलं. निघालं ते छोटं निघालं, पण पक्कं, आणि त्यावर तिचा पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला. पुढचं सगळं नाव त्यावरच उभं राहिलं. पेपरात काउंटरजवळच्या घड्याळाचं लिहिलं होतं, पण "आमच्या लक्षात आले" असं. खाली नावं दोन, साहेबांचं आणि हिचं. आभारातसुद्धा त्या माणसाचा उल्लेख नाही.

"तेव्हा तशीच पद्धत असेल गं," मी म्हटलं.

"पद्धत होती. पण मी मागितलं असतं तर साहेबांनी एक ओळ घालू दिली असती. मी मागितलं नाही. मला लाज वाटत होती, मॅट्रिकच्या माणसाने माझी चूक काढली ते जगाला कळेल याची." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मेकॅनिक रिटायर झाले तेव्हा त्यांना हार मीच घातला. तेव्हाही बोलले नाही. आता नाव जायच्या आत घेतलं पाहिजे."

कोर्टात मी कबुलीजबाब पुष्कळ ऐकलेत. बहुतेक कोणीतरी काढून घेतलेले असतात. हा तिने आपणहून दिला. मला तिचा फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. साठ वर्षं थांबलीस कशाला बाई?

त्या दिवसापासून सकाळच्या चहाला ती नाव म्हणून बघायची. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एखाद्या दिवशी आडनाव अडकायचं, मग तिच्या कपाळावर आठी यायची, आणि ते सुटलं की माझ्याही जिवात जीव यायचा. मी म्हटलं, कागदावर लिहून देते. तर केवढी कडाडली! "चिठ्ठी बघून नाव घ्यायचं? माणसाचं नाव आहे ते, वाणसामानाची यादी नाही." ती ऐकणारी नव्हतीच. मी हात टेकले.

पण माझी खोड मला गप्प बसू देईना. आत्याच्या ऑफिसमधल्या निवृत्त लोकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका त्यात होते, त्यांच्या मागे लागले. आठ दिवसांत पत्ता लागला. ते मेकॅनिक जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगी चेंबूरला राहते, शाळेत शिकवायची, आता निवृत्त. मी एका शनिवारी थेट तिच्या दारात. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी म्हणाली, "बघते." बस्स. मी खट्टू होऊन परत आले आणि आत्याला काही बोलले नाही. उगाच आशा लावून ठेवायची आणि ती बाई आलीच नाही तर?

सत्कार रविवारी सकाळी अकराला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, मोगऱ्याचा गजरा. "पहिल्या" शब्द मी परिचयातून काढला होता, नाइलाजाने. आत्या बोलायला उठली आणि चक्क झकास बोलली. घड्याळाची गोष्ट सांगितली, लोक खो खो हसले. मग वहीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. "माझ्या पेपरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ज्यांच्या लक्षात आली," ती म्हणाली, "त्यांचं नाव त्यात नाही. ते नाव मी आज घेणार आहे. त्यांचं नाव..."

आणि आलं नाही.

तिने डोळे मिटले. उघडले. हात मायकच्या दांड्यावर घट्ट. नाव मला पाठ होतं, अगदी जिभेवर होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले, तर तिने न बघताच हात वर केला. थांब. तिला ते स्वतःच घ्यायचं होतं. तिचे ओठ हलत होते आणि काही येत नव्हतं. इतकी हरलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती.

मागून दुसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली. तिने नाव सांगितलं. शांतपणे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं.

आत्याने डोळे बारीक करून तिकडे बघितलं. मग मायकजवळ तोंड नेऊन तेच नाव म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, उघड उघड.

कार्यक्रम संपल्यावर ती बाई पुढे आली. मी ओळख करून दिली, "आत्ये, या त्यांच्या कन्या." आत्याने तिचा हात धरला, सोडलाच नाही. भोवतीची माणसं चांगलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबली.

"ते कधी काही बोलले का गं? माझ्याबद्दल?"

"मी दहा वर्षांची होते," मुलगी म्हणाली. "तुमचा पेपर छापून आला त्याची प्रत बाबा घरी घेऊन आले होते. आईला म्हणाले, बघ, आमच्या खोलीतलं काम. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हणाली, तुमचं नाव कुठे आहे ते दाखवा."

आत्या पुढे वाकली.

"मग?"

"मग त्यांनी शोधलं," मुलगी म्हणाली. "पहिल्या पानापासून. दोनदा."