माथ्यावरचे खांब

माझा दादा लोकांना विझलेला ज्वालामुखी दाखवतो. दर रविवारी पंधरा-वीस माणसं घेऊन डोंगर चढतो, वाटेत लाव्हाचे थर दाखवतो आणि माथ्यावरचे सहाकोनी दगडी खांब दाखवून खाली आणतो. "दगडात बघायचं काय मेलं?" असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर अबोला धरला होता.

वहिनीला लग्न झाल्यापासून ते खांब बघायचे होते. ती मागे लागायची आणि हा म्हणायचा, "तू म्हणजे गोगलगाय. तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल." शेवटी तिनं विषयच सोडला. यंदा तिचे गुडघे तपासून डॉक्टर म्हणाले, "काय चढायचं ते आत्ताच चढून घ्या. पुढे जिनासुद्धा जड जाईल." मी दादाला स्वयंपाकघरात गाठून चांगलं फैलावर घेतलं. "या रविवारी तिला नेलं नाहीस तर माझ्याशी गाठ आहे!" मीही बरोबर निघाले. त्याचा काय भरवसा!

पायथ्याशी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं.

"आपल्यात सगळ्यात हळू कोण चालतं? लाजू नका. त्यानं माझ्या मागोमाग चालायचं, बाकीच्यांनी त्याच्या चालीनं. हळू माणूस मागे पडला की धीर सोडतो, पुढे असला की पोचतो. पहिल्यापासून माझा हाच नियम आहे."

लोक माना डोलवत होते. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दादाच्याही लक्षात आलं असावं. पुढचं बोलणं अर्धवट टाकून त्यानं वहिनीचा हात धरला आणि तिला पुढे घेतलं.

चढली हो ती, खरंच चढली. दोरखंडासारखा पीळ पडलेला लाव्हा तिनं हात फिरवून पाहिला आणि खुदकन हसली. पण उभी चढण लागली आणि गुडघ्यानं दगा दिला. खांब वळणापलीकडेच होते.

"पाठीवर घेतो," दादा म्हणाला.

"अहो, दोघांची हाडं मोडायचीत का?" म्हणत तिनं त्याला गटाबरोबर वर पिटाळलं. मी तिच्यापाशी थांबले.

लोकांना फोटो काढत सोडून तो धापा टाकत परत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. "माझं चुकलं गं. गुडघे धड होते तेव्हाच आणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "आता निदान वर काय आहे ते सांगा तरी. लोकांना सांगता ना, तसंच."

"लाव्हा थंड होताना आकसतो," दादानं सुरुवात केली. "मग त्याला तडे जातात, आणि..."

परक्यांपुढे तासन्‌तास बोलणारा माझा भाऊ मान खाली घालून रडायला लागला, आणि वहिनी आपली म्हणत राहिली, "सांगा ना, मी ऐकतेय."